हिरवं पाणी बसेना

"हेमा म्हणता, हवा बंद कर," फिलू मला म्हणाली.

हेमवैनी माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. त्या काय म्हणाल्या ते मला स्वच्छ ऐकू आलं होतं. पण रीत म्हणजे रीत. आमच्या गटातल्या फिलूने निरोप पोचवल्याशिवाय मी ऐकलं असं धरायचं नव्हतं.

"वैनींना सांग, आधी पूड घालायची, ढवळायची, मग हवा बंद," मी म्हटलं.

फिलूने मान वळवली. "वृंदा म्हणता, आधी पूड."

"ता माका म्हायत आसा. तिका सांग, माका शिकवू नको."

"ऐकलंस मा?" फिलू मला म्हणाली आणि स्टुलावर बसली. "देवाशपथ सांगतंय, तुमच्या दोघींच्या मधी बोलान बोलान माझी जीभ झिजली. हिरव्या पाण्याक काय करूचा ता करा, पण माका सोडा."

आमचा अबोला पाच वर्षांचा होता. हेमवैनी माझ्या थोरल्या जाऊबाई. एका छपराखाली दोन चुली, मधे एक नवी भिंत. आमचे नवरे सख्खे भाऊ, आणि त्यांचं आपसात उत्तम चालायचं. थोरले दीर मासेमारीला, माझा नवरा मालवाहू बोटीवर; तो सुट्टीवर आला की दोघे मिळून गळ टाकायला जायचे. बोलत नव्हतो त्या आम्ही दोघी. सासूबाई गेल्या त्या दिवसापासून. गावात म्हणायचे, सासूच्या पाटल्यांवरून बिनसलं. पाटल्या तर वैनींनी त्याच महिन्यात माझ्या दारात आणून ठेवल्या होत्या, मीच त्या परत केल्या. कारण वेगळं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

अबोला होता, वैर नव्हतं. चांगला सरंगा मासा मिळाला की त्यातल्या दोन तुकड्या भिंतीवरून अलीकडे यायच्या. वाटी मी घासून परत ठेवायची, रिकामी न देता त्यात काहीतरी घालून. एवढं सगळं एक शब्दही न बोलता व्हायचं. मी गडहिंग्लजची, घाटावरची. आमच्याकडे भांडतात ते आख्ख्या गल्लीला ऐकू जातं आणि संध्याकाळपर्यंत मिटतं. हे कोकणातलं मुकं भांडण मला फार जड गेलं.

आमच्या महिला गटाची शेड मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी होती. तिथे आम्ही कालवांचं बी तयार करायचो. कालवांची पिल्लं डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत; पाण्यात बारीक धूळ असावी तशी फिरत असतात. त्यांना खायला लागतं समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ. ते आम्ही शेजारच्या दोन मोठ्या टाक्यांत वाढवायचो. पाण्यात कणकण पसरलेलं असतं ते, नुसता हिरवा रंग दिसतो. म्हणून सगळ्याजणी त्याला हिरवं पाणीच म्हणायच्या. बी वाढवायचे आमचे आधीचे दोन प्रयत्न फसले होते. गटाच्या बैठकीत ठरलं होतं की हे तिसरं बी मेलं तर शेडला कुलूप. कुणी भांडून नाही ठरवलं. सगळ्या थकल्या होत्या.

आणि नेमकं त्याच आठवड्यात समुद्राला तांबडं पाणी आलं. तांबड्या पाण्यात मासे मरतात, ते पाणी शेडमध्ये घेतलं तर बी तासाभरात संपेल. म्हणजे नवं पाणी बंद. नवं पाणी नाही तर नवं शेवाळ नाही. टाक्यांतलं होतं ते ऐन भरात आलेलं. ते असंच ठेवलं तर दोन दिवसांत पिवळं पडून कुजलं असतं. कॉलेजातल्या खानोलकर सरांनी आम्हाला शिकवलं होतं, त्यांना फोन केला. ते म्हणाले, ते शेवाळ आजच्या आज गोळा करा, घट्ट साय काढल्यासारखं, आणि फ्रिजमध्ये ठेवा. तेच थोडं थोडं बियाला घाला, तांबडं पाणी ओसरेपर्यंत निभेल.

गोळा करायचं कसं, तर कोळंबीच्या सालांपासून केलेली पूड असते, ती व्हिनेगरात विरघळवायची आणि टाकीत ओतायची. शेवाळाचे कण एकमेकांना ढकलत असतात, म्हणून ते तरंगत राहतात. ही पूड पडली की ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि तळाला बसतात. वरचं स्वच्छ पाणी नळीने काढून टाकायचं, खाली उरतं ते बियाचं जेवण. टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडलेले असतात, ते मात्र गोळे बसताना बंद हवेत, नाहीतर सगळं पुन्हा फुटतं.

"एका टाकीक दोन मग," सरांनी सांगितलेलं माप फिलूने आधी मला सांगितलं आणि मग पलीकडे जाऊन वैनींना. फोन फिलूचा होता, कारण आमच्यापैकी एकीचा वापरला असता तर दुसरीचा अपमान झाला असता.

त्यानंतर वैनी पलीकडच्या खोलीत बी बघायला गेल्या आणि फिलू चहा आणायला. मी पहिल्या टाकीत दोन मग ओतले. हवेवर थोडा वेळ ढवळू दिलं, नंतर हवेची कळ बंद केली. तो मग धुऊन पुसून पालथा घातला आणि घरी गेले. फ्रिज मोकळा करायचा होता. घरातलं लोणचं, नारळाचं दूध, सुके बांगडे सगळं बाहेर काढलं आणि बर्फाची पिशवी घेऊन परत आले.

पाणी होतं तसंच हिरवं.

फिलू टाकीत डोकावून बघत होती. "बसाक लागला काय गो?"

"एवढ्यात नाही बसणार. थांब जरा."

थांबलो. शेडमध्ये हवेची मशीन चालू असली की सतत घरघर असते, ती त्या टाकीपुरती बंद होती आणि तिथे नको तितकं शांत वाटत होतं. मी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरलं. सर म्हणाले होते, नासलेल्या दुधात दिसतात तसे तुकडे दिसतील. एकही तुकडा नव्हता.

पलीकडून वैनींचा आवाज आला, फिलूला उद्देशून. "फिलू, बियाचा पोट रिकामा दिसता. भुकेला हा बी."

सूक्ष्मदर्शकात पिल्लाच्या पोटात हिरवा ठिपका दिसला तर ते जेवलेलं. ठिपका नसला तर उपाशी. दुसऱ्या टाकीतून थोडं हिरवं पाणी थेट द्यावं, असं मनात आलं. पण ती एवढीच टाकी हातात उरली होती, आणि पुढचे सगळे दिवस तिच्यावर काढायचे होते.

"वैनींना विचार, थोडं पातळच घालायचं का आत्ता?" मी म्हटलं.

"हेमा, पातळ घालू काय, इचारता."

"घाल म्हणान सांग. थोडाच."

दोन तांबे घातले. परत टाकीपाशी आले. पाणी तसंच. मी पेला भरायची, उजेडात धरायची, ओतून टाकायची, पुन्हा भरायची. असं केल्याने काही होत नाही हे कळत होतं, पण हात थांबत नव्हते.

"असा बघून काय होतला?" फिलू म्हणाली. "सरांक फोन लाव."

सरांनी लगेच उचलला. "दोन मग घातले?"

"हो सर. मी स्वतः घातले."

"मग आतापर्यंत खाली बसायला पाहिजे होतं." "पूड जुनी असेल. जोर कमी झाला असेल तिचा. अजून एक मग घालून बघा. पण मॅडम, दुसरी टाकी सांभाळा. ही गेली तर ती शेवटची."

फोन फिलूला परत दिला. तिने तो पोलक्यात खोवला आणि उठली. "मी जातंय. सुनेक दवाखान्यात न्यायचा आसा. आणि खरा सांगतंय, माझ्यान हय बसवत नाय. तुमी दोघी अशा बघतास त्या टाकीकडे, माका कोणाच्या तरी उशाशी बसल्यासारख्या वाटता."

"आणि निरोप कोण पोचवणार?"

"तुमी पोचवा. देवान तोंडां दिल्यान तुमका," असं म्हणून ती गेली.

शेडमध्ये आम्ही दोघी उरलो. वैनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, केव्हापासून ते मला कळलं नाही. मी त्यांच्याकडे न बघता मग उचलला, पुडीच्या बादलीत बुडवला, भरला. टाकीवर मग धरला.

वैनींनी माझं मनगट पकडलं.

पाच वर्षांत त्यांचा हात मला लागला नव्हता. त्यांनी इतकं घट्ट धरलं की मगातलं निम्मं माझ्याच साडीवर आलं, टाकीत थेंबही गेला नाही.

"नको," त्या म्हणाल्या. "घालू नको. परत तसा नको."

फिलू नव्हती. कुठे बघून उत्तर द्यायचं तेच मला समजेना.

"मी घातलंय," वैनी म्हणाल्या. "दोन मग. तू घराक गेलंस तेवा. हवा लावन ढवळलंय नि परत बंद केलंय. मग पालथो दिसलो माका, सुको. माका वाटला, तू नुसती हवा बंद केलंस नि रागान गेलंस."

"मी घातले होते. मग धुऊन पुसून ठेवला मी."

"घाटावरची," वैनी म्हणाल्या. शिवी नव्हती ती. त्यांनी माझं मनगट सोडलं आणि टाकीच्या काठावर दोन्ही हात टेकले. "म्हणजे चार गेले."

मी धावत घरी जाऊन माझा फोन आणला. सर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "चार? अहो, मग कसं बसेल? पूड जास्त झाली की प्रत्येक कणाला तिचाच लेप बसतो, आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलायला लागतात. मी म्हटलेला आणखी एक घातला असता तर तो पाचवा झाला असता, आणखी बिघडलं असतं."

"आता काही करता येईल का सर?"

"येईल. शेवाळ वाढवायचं. दुसऱ्या टाकीतलं हिरवं पाणी या टाकीशी एक करा, म्हणजे जादा पूड त्याला लागेल. पण माप बरोबर असेल तरच. खात्री आहे ना, चारच गेले? कमी गेले असतील तर पूड पुरणार नाही, आणि दोन्ही टाक्या हातच्या जातील."

मी वैनींकडे बघितलं. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही नक्की दोन घातलेत? पूर्ण भरून?"

"काठाक काठ. तू?"

"काठोकाठ."

"मगे चार," वैनी म्हणाल्या. फोनवरच्या सरांना नव्हे, मला.

पंप लावला, दोन्ही टाक्यांमध्ये नळ्या टाकल्या आणि पाणी एकमेकींत फिरवलं. बी पलीकडे उपाशी होतं आणि त्याचं आठवड्याचं सगळं जेवण आम्ही एका अंदाजावर उधळत होतो. अंदाज तरी कसा? पाच वर्षं एकमेकींशी न बोललेल्या दोन बायकांनी एकमेकींवर ठेवलेला विश्वास, एवढाच. वैनी नळी धरून उभ्या होत्या. त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती, बहुतेक गावदेवीला गाऱ्हाणं घालत असाव्यात. मी मनातल्या मनात मग मोजत होते, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी मला वाटायचं की दुसरा मग जरा कमीच भरला होता.

पंप बंद केला. दोन्ही टाक्यांची हवा बंद केली. आता थांबण्याशिवाय काही नव्हतं. आम्ही दोन टाक्यांच्या मधे जमिनीवर बसलो, भिंतीला टेकून. अशा शेजारी बसायची सवयच नव्हती.

"वृंदा," वैनी म्हणाल्या. माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकून मला कसंतरी झालं. "एक इचारू?"

"विचारा."

"आये गेली त्या दिवशी. सकाळी."

हेच ते. पाच वर्षं मी याचीच वाट बघत होते आणि हेच नको म्हणून देवाला सांगत होते.

सासूबाईंना साखर होती. रोज सकाळी पोटावर इन्सुलिन द्यावं लागायचं, आणि आम्ही दोघींनी दिवस वाटून घेतले होते. तो माझा दिवस होता. आदल्या संध्याकाळी वैनींशी माझं वाजलं होतं, माशाच्या आमटीत तिरफळं जास्त झाली की कमी अशा फालतू कारणावरून. सकाळी मी कुणाशीही न बोलता, तणतणत बाजाराला निघून गेले होते. परत आले तर अंगणात माणसं जमलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, वय झालं होतं. पण मला माझं ठाऊक होतं. त्या दिवसापासून वैनी माझ्याशी बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांनाही ते ठाऊक असणार.

"तू निघालंस तेच्या आधी," वैनी समोर बघत म्हणाल्या, "आयेक इंजेक्शन दिलेलंस?"

मी मान खाली घातली. "नाही."

"खरा सांग."

"नाही दिलं वैनी. माझा दिवस होता आणि मी नाही दिलं. रागात होते, लक्षातच राहिलं नाही. अर्ध्या रस्त्यात आठवलं, तरी परत नाही फिरले. म्हटलं, आल्यावर देईन. म्हणूनच तुम्ही बोलत नाही माझ्याशी, मला माहीत आहे. माझ्यामुळे गेल्या त्या."

वैनींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता मारणार.

"दिलंस नाय तू?"

"नाही."

"एकदाय नाय?"

"नाही म्हटलं ना."

"मी दिलंय," वैनी म्हणाल्या.

"तू तरातरा गेलंस. माका वाटला, ही रागान गेली, देवक इसारली आसतली. म्हणान मी दिलंय. मगे आये घामान भिजली. आणि थंड पडाक लागली." वैनींचा आवाज बसला होता. "तेवा माझ्या मनात इला, वृंदान दिल्यान आसला तर? दोनदा गेला आसला तर? डॉक्टर हार्ट म्हणालो, पण माझा काळीज काय ऐकना. तुका इचारूचा, तर तू होय म्हणालंस तर? मगे आपण दोघींनी मिळान मारलेला झाला मा तिका. नाय इचारला तर निदान म्हायत तरी नाय. तुझ्याशी बोलाक लागलंय आसतंय तर ताच पयला तोंडात इला आसता."

मी हिशेब करत होते. हिशेब करण्यासारखं काही नव्हतं, तरी करत होते. माझं काही नाही, त्यांचं एक.

"एकच गेलं होतं," मी म्हटलं.

"एकच."

"बरोबर तेवढंच. रोजचं."

"होय."

मला वाटलं होतं, हे असं कधी उकललं तर आम्ही गळ्यात गळे घालून रडू. तसं झालं नाही. मला संताप आला. पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत.

"मग विचारलं का नाहीत?" मी उठून उभी राहिले. "पाच वर्षं! एक शब्द विचारायचा होता. मी रात्र रात्र जागून काढल्या. आईंच्या वर्षश्राद्धाला पानावर बसवत नव्हतं मला!"

वैनीही उठल्या. "तू कित्याक सांगलंस नाय? तुझो दिवस होतो, तू सांगूचा! तोंडात काय शिवण घातलेलंस?"

"मला वाटलं तुम्ही चिडलाय!"

"मी चिडलंय आसतंय तर सरंगो दिलंय आसतंय? चिडलेली बाई सरंगो देता?"

"आणि मी वाटीतून नारळाच्या वड्या पाठवल्या, त्याचं काय?"

"कडक होत्यो त्यो! दात पडाक इले माझे! पण खाल्लंय मा?"

आम्ही दोघी टाक्यांच्या मधे उभ्या राहून भांडत होतो, गडहिंग्लजमध्ये भांडतात तसं, खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. तिरफळांपासून सगळं निघालं. भिंत कुणी घातली, दिवाळीत कोण कुणाच्या दारात पणती ठेवायला विसरलं, पाटल्या मी परत का दिल्या. वैनी मधेच डोळे पुसायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. मीही तेच करत होते. टाक्यांकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.

फिलू धापा टाकत दारात आली. वाटेवरूनच तिने आवाज ऐकला होता.

"काय झाला गो?" तिने छातीवर हात ठेवला. "गेला? बी गेला?"

फिलूने उत्तराची वाट बघितली नाही, ती टाकीपाशी गेली आणि वाकली. मग दुसरीपाशी. पाणी वरून तळापर्यंत निवळलं होतं, टाकीची पांढरी भिंत आतून दिसत होती आणि खाली जाड हिरवा थर बसला होता.

"आगो, ह्या तर बसला," फिलू म्हणाली. "मगे इतक्या कित्याक बोंबलतास? गेला काय तुमचा?"

हेमवैनींनी पदराने तोंड पुसलं. "पाच वर्षां गेली," त्या म्हणाल्या. मग खाली वाकून त्यांनी पाणी काढायची नळी उचलली आणि तिचं एक टोक माझ्यापुढे केलं.

"धर," त्या मला म्हणाल्या. "बी भुकेला हा."